भिंतीला टेकू नकोस

ताईच्या घराची बेल वाजवली की दार उघडायच्या आधीच आतून दाजींचा आवाज येतो, "ये, ये. पण भिंतीला टेकू नकोस." गेले सव्वादोन महिने येतोय. भिंत ओली असते म्हणून नव्हे. तिच्यावर नमुने आहेत म्हणून. हातभर लांब, वीतभर रुंद असे एकवीस चौकोन, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात नंबर: अ-१, अ-२, ब-१, ब-१ (सुधारित). लांबून पाहिलं तर सगळे एकच दिसतात. जवळून पाहिलं तरी तसेच दिसतात, पण हे दाजींसमोर म्हणायची सोय नाही.

दाजी पाटबंधारे खात्यात होते. बत्तीस वर्षं अंदाजपत्रकं तपासली आणि एकही पहिल्या फेरीत पुढं जाऊ दिलं नाही, हे ते आजही कौतुकानं सांगतात. निवृत्तीनंतर ही सगळी ताकद कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटवर येऊन पडली. त्यातली निम्मी कबुतरांवर खर्च होते. गॅलरीला जाळी बसवून झाली, तरी ती एसीच्या बाहेरच्या डब्यावर बसतातच. मग दाजी सकाळी साडेसहाला गॅलरीत उभं राहून टाळ्या वाजवतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की वर हास्यक्लब सुरू झालाय. उरलेली निम्मी ताकद हॉलच्या भिंतीवर.

सुरुवात साधी झाली. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, ताई म्हणाली दिवाळीच्या आत रंग काढून घेऊ. रंगाऱ्यानं विचारलं, "कुठला द्यायचा?" दाजी म्हणाले, "निळा नाही."

"मग?"

"राखाडीही नाही. राखाडी म्हणजे कचेरी झाली. निळसर राखाडी. म्हणजे असं बघा, आहे राखाडीच. आपण थोडे निळे आहोत हे त्याला आतून माहीत आहे, पण बोलून दाखवत नाही."

रंगाऱ्यानं बिडी कानावर ठेवली. त्याच्या हिशेबी गिऱ्हाइकं दोनच जातींची: 'ऑफ-व्हाइट मारून टाका' म्हणणारी आणि शेडकार्ड घरी घेऊन जाणारी. दुसऱ्या जातीकडून तो ॲडव्हान्स जास्त घेतो.

शेडकार्डवर अंगठ्याएवढे चौकोन असतात आणि त्यांच्या नावात कुठं धुकं, कुठं बंदर, कुठं कुजबुज. दाजींनी नावं वाचायचीच नाहीत असं ठरवलं. "निविदेत ठेकेदाराचं नाव झाकून ठेवायचं, दर बघायचा." म्हणून प्रत्येक नावावर कागदाची पट्टी चिकटवली. दुकानदाराला पुढं शेडचा कोड सांगताना त्या पट्ट्या ताईनं बसून सोडवल्या.

दुकानात रंग कालवायचं मशीन असतं. आधी पांढऱ्या बेसचा डबा, वरून नळीतून काळ्याचे, निळ्याचे, आणखी कशाकशाचे मोजून थेंब, मग डबा घुसळून निघतो. दाजींनी मशीनवाल्या पोराकडून फॉर्म्युला मागून घेतला आणि चष्मा वर करून विचारलं, "निळसर राखाडीत हा पिवळा कशाला?" पोरगा म्हणाला, "तो काढला तर काका, जांभळट मारेल." दाजींनी खिशातलं पेन काढून ते तिथंच टिपून घेतलं. बत्तीस वर्षांत कुणा ठेकेदारानं त्यांना इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते पोरगं घरातलं झालं; पंधरवड्यात सात वेळा गेले, दर वेळी छोटे छोटे डबे, आणि जाताना त्याला चहा.

मग भिंतीवर सुनावणी सुरू झाली. सकाळी नऊला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. सकाळी अ-४ बरा वाटायचा, संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आलं की तोच शिळ्या ताकासारखा. पिवळ्या बल्बखाली सगळे हिरवट मारायचे, पांढऱ्या ट्यूबखाली सगळे आजारी. दाजींनी ३००० केल्विनचा एक आणि ६५०० केल्विनचा एक असे दोन दिवे आणून एकाच खोलीत लावले आणि ताईला मध्ये उभं केलं. ताई म्हणाली, "मला दोन्हीकडून कुकरची शिट्टी ऐकू येतीय."

येणाऱ्या-जाणाऱ्याचं मत घेतलं जायचं. पेपरचं बिल न्यायला आलेला मुलगा ब-२ म्हणाला. इस्त्रीवाले अ-७ म्हणाले आणि का ते सांगता आलं नाही म्हणून त्यांचं मत बाद झालं. गॅसवाला बराच वेळ भिंतीकडं बघून म्हणाला, "काका, सही करा." ही सगळी मतं फाइलला आहेत. फाइल खरीच आहे, फीत बांधलेली, वर 'हॉल – उत्तर भिंत', आणि आत टिपणी लिहिण्याची तीच खात्याची पद्धत: 'अवलोकन केले. निळेपणा माफक. तथापि दुपारी दोननंतर संशयास्पद.'

मी एकदा चिडून विचारलं, "दाजी, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" माणूस गप्प झाला. मग म्हणाले, "कोयनेला होतो तेव्हा. शिवसागर. श्रावणात सकाळी पाऊस थांबला की दहाएक मिनिटं पाण्याचा एक रंग व्हायचा. वर ढग, समोर डोंगर, मध्ये ते पाणी. १०५ टीएमसी पाणी, आणि आवाज नाही." रंगारी दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, ते पाणी आहे. ही पुट्टी आहे."

मला मात्र त्या दिवसानंतर दाजींना हसणं थोडं जड जाऊ लागलं. थोडंच.

कारण पुढच्याच आठवड्यात सोफ्याचा प्रश्न निघाला. दाजींनी वाचनालयातून काहीतरी आणलं होतं. पॅरिसला गोबेलँ नावाचा गालिच्यांचा जुना कारखाना. तिथं रंगखात्यावर शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. तक्रार आली की काळा धागा काळा दिसत नाही, रंगात खोट आहे. त्यांनी तपासलं तर रंग चोख होता. शेजारच्या धाग्यामुळं तो फिका दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड पुस्तकच लिहिलं. दाजींनी हे मला उभ्यानं सांगितलं आणि शेवटी भिंतीकडं न बघता सोफ्याकडं बघितलं.

"नारिंगी झाक आहे लाकडाला. नारिंगीशेजारी राखाडी ठेवला की तो आहे त्याहून निळा दिसणार. भिंत निर्दोष आहे. तिला गोवण्यात आलंय."

सोफा आमच्या वडिलांनी ताईला लग्नात दिलेला. सागवानी. ताई पदर खोचून म्हणाली, "सोफा जाईल तेव्हा मीपण जाईन." दाजींनी टिपणी केली असणार, कारण दुसऱ्या दिवशी सोफा घरातच होता, पण गॅलरीत. त्यावर जुनी चादर. चादरीवर कबुतरं. जाळी कुठूनशी सुटली होती.

निर्णय झाला तो अंधारात. गुरुवार होता, संध्याकाळी लाइट गेले. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. बाहेर दिवेलागणीचा उजेड, आत चेहरे पुसट होत चाललेले, आणि भिंतीवरचे एकेक चौकोन जणू आतून उजळायला लागले. तिन्हीसांजेला तांबडं आधी विझतं आणि निळं मागं रेंगाळतं, डोळ्याची ठेवणच तशी आहे. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं ते दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलंय. हे मला नंतर कळलं. त्या वेळी दाजी फक्त उठले, ब-१ (सुधारित) वर हात ठेवला आणि म्हणाले, "हाच." आवाज बदलला होता. ताई पटकन म्हणाली, "लाइट यायच्या आत त्याला फोन लावा."

रंगारी सकाळी साताला हजर. एवढा वेळेवर तो स्वतःच्या लग्नालाही गेला नसेल. पोपडे खरवडले, लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासलं, प्रायमर झाला. पहिला कोट मारल्यावर दाजी किंचाळले, "हा फिका आहे!" रंगारी रोलर न थांबवता म्हणाला, "ओला आहे साहेब. वाळला की चढतो." दोन तास दाजी स्टूल टाकून भिंतीसमोर बसले. रंग वाळताना बघत बसणं ही शिक्षा आहे असं लोक मानतात. दाजींना मी इतकं सुखात क्वचित पाहिलं.

दिवाळीला दोन दिवस राहिले असताना दाजींच्या आई सोलापूरहून आल्या. वय शहाऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर लख्ख. दारातच थांबल्या. घरात सगळे गप्प. दाजींनी नकळत फाइल छातीशी धरली होती.

"पारवा दिलास व्हय रं?" आई म्हणाल्या. "ग्वाड दिसतोय. माझी इरकल हुती बघ एक, ह्योच रंग." आणि काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या.

पारवा. एकवीस चौकोन, सात फेऱ्या, दोन दिवे, पॅरिस. घरातल्या म्हातारीकडं त्याला तीन अक्षरं होती आणि आमच्यापैकी एकालाही ती आठवली नव्हती. दाजी बराच वेळ उभे होते. मग फाइल उघडून शेडचा कोड एका रेघेनं खोडला, वर 'पारवा' लिहिलं आणि खाली लपेटदार सही केली.

भाऊबीजेला ओवाळून घ्यायच्या आधी मी सकाळीच पोचलो, तर दाजी गॅलरीत. एसीच्या डब्यावर एक कबूतर फुगून बसलेलं. टाळीसाठी वर झालेले दाजींचे हात तसेच हवेत.

"तो पंखावरचा गडद पट्टा बघ," ते कुजबुजले. "हलू नकोस. बेडरूमला."

मागून ताई आली आणि तिनं जोरात टाळी वाजवली.