सुट्ट्या पैशांतला पारखी

डोईफोडियासारख्या गावात किराणा दुकानातून सुटे परत मिळाले की बाकीची गिऱ्हाइकं पैसे मोजतात. नाणेपारखी मात्र नाणी उलटीपालटी करतो. दोन रुपये कमी आले तरी त्याच्या ध्यानात येत नाही, पण रुपयावरचे सिंह जरा कलले की भिंग बाहेर निघतं आणि मागची रांग खोळंबते. लोक त्याला लोभी म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला पैसा नको असतो, सरकारची चूक हवी असते. ज्या कचेरीत दर खेपेला त्याच्याच अर्जात खोट निघते, तिचीच खोट रोख हातात पडणं, यासारखं सुख नाही. गुन्हेगारही लगेच सापडतो: सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा; काहीच नसेल तर कोलकाता.

आरोप मात्र तो पुराव्याशिवाय करत नाही. रेघ दिसली की आधी नख फिरवतो. उंच लागली तर भेग साच्याला पडलेली, म्हणजे दोष टांकसाळीचा. खोल लागली तर नुसता ओरखडा. ‘पाणी उडालेला’ तांबूस रुपया कुणी दाखवला तर तो हसतो. 1992पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. त्यावर टांकसाळ पाणी चढवतच नाही, मग उडेल काय? ती तांबूस झाक बहुधा बाहेरच्या कुणाची कारागिरी. अशा नाण्यात सरकार निर्दोष सुटतं, याचंच त्याला खरं दुःख.

कुणी म्हणेल, जुन्या नाण्यांना लाखो रुपये देणाऱ्या जाहिराती येतात, त्याचाच हा मोह. पण रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021मध्ये अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं, तरी याचं भिंग खाली ठेवलं गेलं नाही. दुसरा आक्षेप जड आहे: जवळच्याच बुऱ्हाणपूरच्या मुघल टांकसाळीत साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कित्येक नाण्यांवर अक्षरं अर्धीच उमटली, मग ती सगळीच सदोष का? यावर त्याचं उत्तर तयार असतं: “भाऊ, तिथं घण माणसाच्या हातात होता. यंत्राला माफी नाही.” मला हा न्याय रास्त वाटतो. तेव्हा त्याच्या घरच्यांना एकच विनंती: डबीतली नाणी दूधवाल्याला देऊ नका. तो सरकारविरुद्धचा पुरावा आहे.