मिंट रोडची अळीमिळी गुपचिळी

नोव्हेंबर २०२२मध्ये मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारला एक पत्र धाडलं. विषय तुमच्याआमच्या बाजाराच्या पिशवीतला: महागाई का आवरली नाही, आता काय करणार आणि ती कधीपर्यंत आटोक्यात येईल. पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कशासाठी लिहिलं, हे साऱ्या देशाला ठाऊक. आत काय लिहिलं, तेवढं मात्र विचारायचं नाही.

हे पत्र बँकेने हौसेने लिहिलं नव्हतं. २०१६ साली रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलला आणि महागाईला ४ टक्क्यांचं लक्ष्य आलं. वर-खाली २ टक्के माफ. सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांची वेस ओलांडली, तर कलम ४५ झेडएननुसार बँकेने सरकारपुढे लेखी कारणं मांडायची. २०२२च्या एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती, सप्टेंबरमध्ये ७.४१. पहिल्या तिन्ही तिमाह्या नापास. ३ नोव्हेंबरला पतधोरण समिती खास त्यासाठी बसली. ज्याला पत्र लिहिलंय त्याच्या हाती पडण्याआधी ते जाहीर करण्याचा मला अधिकार नाही, असं तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले. रास्तच. मग ज्याच्या हाती ते पडलं, त्या सरकारने डिसेंबरमध्ये संसदेत सांगितलं, की असा अहवाल प्रसिद्ध करण्याची कायद्यात तरतूदच नाही. मनाई तरी कुठे आहे? पण सरकारी खाक्यात ‘तरतूद नाही’ एवढं म्हटलं की भागतं.

आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा आठवा. जिन्यातली ट्यूबलाइट साडेतीनशेला कशी आली, यावर पाऊण तास रणकंदन. सेक्रेटरी बिल दाखवतो, तरी तिसऱ्या मजल्यावरचे काका दुकानदाराचा नंबर मागतात. हेच काका, रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवल्याने कर्जाचा हप्ता वाढला, की निमूट भरतात. हप्ता वाढवणाऱ्याचं बिल मागता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

गंमत अशी, की बँक तशी काही मुखदुर्बळ नाही. पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी कुणी कुठे मत दिलं आणि का दिलं, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी नावानिशी छापून येतं. सरकारला द्यायचा वाढावा दर मे महिन्यात जाहीर होतो. २०२४-२५चा आकडा २,६८,५९० कोटी रुपये. त्या दिवशी दिल्लीत कुणालाही गोपनीयता आठवत नाही. मिळकत डंका पिटून सांगायची आणि नापास झाल्याची कारणं पाकिटात घालून पाठवायची, असा हा कारभार.

आपल्याआधी ज्यांनी ही लक्ष्याची पद्धत घेतली, त्यांच्याकडे बघा. ब्रिटनमध्ये महागाई २ टक्क्यांच्या लक्ष्यापासून एका टक्क्याहून जास्त ढळली, की बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरने अर्थमंत्र्याला खुलं पत्र लिहायचं. महागाई ३.१ टक्क्यांवर गेली तेव्हा, एप्रिल २००७मध्ये, मर्विन किंग यांनी असं पहिलं पत्र लिहिलं. पत्रही जाहीर, अर्थमंत्र्याचं उत्तरही जाहीर. २०२२मध्ये तिथली महागाई ११.१ टक्क्यांपर्यंत चढली; पत्रं छापून येतच राहिली. म्हणून पौंड बुडाला नाही आणि थ्रेडनीडल स्ट्रीटवरची बँकेची इमारतही जागेवर आहे.

आपल्याकडे पत्राचं एक झालं, बाकीची कपाटंही कुलपातच. बँकांच्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात मागितले, की रिझर्व्ह बँक म्हणायची, बँकांनी ही माहिती आम्हाला विश्वासाने दिली आहे. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की तुमचं नातं बँकांच्या विश्वासाशी नाही, जनतेच्या हिताशी आहे. त्यावर बँकेने काय करावं? माहिती कशी द्यायची नाही, याचं नवं धोरण काढलं! एप्रिल २०१९मध्ये न्यायालयाने अवमानाची तंबी देऊन ते मागे घ्यायला लावलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना कळलं, की सहा महिन्यांत हजारच रुपये काढता येतील. बनावट खात्यांच्या आड एका बिल्डर कंपनीचं कर्ज वर्षानुवर्षं दडलं होतं. तपासनिसांना त्या वर्षांत काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे भांडुपच्या ठेवीदाराला कळण्याची सोय नव्हती. त्याला थेट शटर दिसलं.

नोटाबंदीचं तर विचारूच नका. ८ नोव्हेंबर २०१६ला संध्याकाळी साडेपाचला रिझर्व्ह बँकेचं संचालक मंडळ बसलं, आठ वाजता पंतप्रधान बोलले. काळा पैसा मुख्यतः रोखीत नसून सोन्यात आणि जमीनजुमल्यात आहे, असं त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलेलं होतं. ते लोकांपुढे आलं मार्च २०१९मध्ये, तेही एका माहिती अधिकार कार्यकर्त्याने पिच्छा पुरवला म्हणून. तोवर रांगाही संपल्या होत्या आणि वादही शिळा झाला होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सगळं उघडं केलं तर बाजार बिथरेल, बँकांवर झुंबड उडेल, स्वायत्तता जाईल. झुंबडीची भीती खोटी नाही. आज अडचणीत असलेल्या बँकेचा अहवाल आजच चव्हाट्यावर मांडा, असं कुणी म्हणत नाही. त्यावर काळाचा उतारा आहे. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह बैठकांचं शब्दशः टिपण पाच वर्षांनी खुलं करते आणि अडल्यानडल्या बँकांपैकी कुणाला किती उसने दिले, ते दोन वर्षांनी सांगते. आणि स्वायत्तता म्हणाल, तर बंद पाकिटातल्या पत्राने ती कशी जपली जाते? अपयशाची कारणं फक्त सरकारलाच कळणार असतील, तर त्याला स्वायत्तता नव्हे, खासगी शिकवणी म्हणतात.

आता खासदार मंडळींकडे वळू. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८, राज्यसभेत १९. रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय आपल्याच फोर्टात. तपासणी अहवालांचं नाव काढलं, की यातल्या काहींना घाम फुटेल हे मान्य. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ २०११मध्ये बरखास्त झालं, तेव्हा त्यात अनेक पक्षांची बडी मंडळी गुण्यागोविंदाने नांदत होती. म्हणून तुमच्या जिल्हा बँकांना हात न लावता सोपं काम सांगतो. कलम ४५ झेडएनमध्ये एक वाक्य वाढवा: हा अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत सरकारने तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. बस्स. याने तिजोरीवर बोजा नाही की कुठल्या जातीचा मोर्चा नाही.

सरकार स्वतःहून करणार नसेल, तर खासगी विधेयक आणा. अशी विधेयकं लोकसभेत शुक्रवारी दुपारी येतात, जेव्हा बऱ्याच सदस्यांना विमानतळ गाठायची घाई असते. आणि असं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याला १९७० नंतर मुहूर्त लाभलेला नाही. तुमचंही पडेल. पडू द्या. पण त्याआधी अर्थमंत्रालयाला सभागृहात उभं राहून सांगावं लागेल, की महागाई का आवरली नाही हे लोकांना कळू नये असं आम्हाला का वाटतं. ते उत्तर तरी कामकाजाच्या नोंदीत छापून येईल, आणि ते दडवण्याची तरतूद खरोखरच कुठल्या कायद्यात नाही.