वर्दीचं स्वप्न विकणाऱ्या संचालकांस खुले पत्र

मा. संचालक महोदय,

आपल्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. आपण स्वतःला नक्की ओळखाल. फ्लेक्सवर बंदूकधारी कमांडो, खाली 'होमलँड सिक्युरिटी पदवी, शंभर टक्के नोकरी, जागा मर्यादित'. कमांडो दोन हात उंच; पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव मात्र डोळे फोडले तरी सापडत नाही.

सालेकसा तालुक्यातली एक मुलगी आपली पावती घेऊन माझ्याकडे आली होती. पावतीवर 'विकास निधी' लिहिलेलं, त्याखाली गिचमिड सही. अभ्यासक्रमाचं नाव नाही, विद्यापीठाचं नाही. पैसे बापाच्या धानाच्या चुकाऱ्यातले. 2024-25 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. म्हणजे तुमची लाखाची फी भरायला बापाला साडेत्रेचाळीस क्विंटल धान विकावं लागतं. रोवणीपासून मळणीपर्यंत त्या घराने गाळलेला घाम तुम्ही एका पावतीत गिळलात.

वर्दीसाठी काय लागतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायला बारावी पुरते. सीआरपीएफ, बीएसएफच्या जीडी शिपाई भरतीला दहावी. एमपीएससीचा फौजदार, एसएससीचा उपनिरीक्षक, यूपीएससीचा असिस्टंट कमांडंट, या तिन्ही वाटांवर कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. पोलीस भरतीच्या मैदानावर मुलगा 1600 मीटर धावतो, मुलगी 800. तिथे तुमचं रंगीत प्रमाणपत्र कुणी बघत नाही. खासगी सुरक्षा रक्षक व्हायचं म्हटलं, तरी 2005 च्या कायद्याखालचे आदर्श नियम 100 तास वर्गातलं आणि 60 तास मैदानावरचं प्रशिक्षण सांगतात. 160 तासांचं काम तीन वर्षं ताणून दर वर्षी फी उकळायची, हा तुमचा खरा अभ्यासक्रम.

हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. शेजारच्या छत्तीसगडने 2002 च्या कायद्याने खासगी विद्यापीठांचं पीक काढलं; शंभरावर विद्यापीठं, कित्येकांचा पत्ता एखाद्या खोलीचा. फेब्रुवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल त्यासाठी न्यायालयात गेले होते. तेव्हा पोरांचं जे व्हायचं ते झालं. आता तुम्ही पुन्हा तीच वाट धरली आहे.

सुरक्षेचंच शिक्षण घ्यायचं असेल, तर त्याचीही सरळ वाट आहे. गांधीनगरजवळचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ संसदेच्या 2020 च्या कायद्याने उभं आहे. घर सोडता येत नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. शेती-मजुरी सांभाळून पदवी होते. गोंदियातल्या कॉलेजात बी.ए. करत एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र मिळवलं, तर जीडी भरतीत त्याचे जादा गुणही मिळतात. मुक्त विद्यापीठाची किंवा साध्या बी.ए.ची फी तुमच्या फीच्या तुलनेत चिल्लर आहे, म्हणूनच तुम्ही ते पोरांना सांगत नाही.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या पोरांनी नक्षलवादाची दहशत जवळून पाहिली आहे. तरीही ती पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात, कारण त्यांना वर्दी घालायची आहे. अशा पोरांना फसवणं ही साधी लबाडी नाही, तो या जिल्ह्याशी केलेला द्रोह आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. पुढच्या फ्लेक्सवर तीन ओळी छापा: पदवी देणारं विद्यापीठ कोणतं आणि ते कोणत्या कायद्याने स्थापन झालं, तिन्ही वर्षांची एकूण फी किती, कोणत्या भरतीच्या जाहिरातीत ही पदवी मागितली आहे. छापता येत नसेल, तर घेतलेले पैसे परत करा. पालकांनो, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले असतील, तर पावती घेऊन पोलीस ठाण्यात आणि ग्राहक आयोगाकडे जा.

आपला नव्हे, पोरांचा,
एक प्राध्यापक, गोंदिया