चौदा पानी अनाथ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात हा एक गडी असतोच. पुण्यात कुणाच्या तरी टू-बीएचकेत रविवारी दुपारी कॅम्पेन, म्हणजे खेळातली मोहीम, सुरू व्हायची असते. बाकीचे फासे, पेन्सिली आणि भडंग घेऊन येतात. हा स्पायरल बाइंडिंग घेऊन येतो.

“फार काही नाही, माझ्या पात्राची थोडी बॅकस्टोरी आहे,” म्हणत तो चौदा पानं डीएमच्या मांडीवर ठेवतो. डीएम म्हणजे डंजन मास्टर, खेळातलं जग चालवणारा. बिचाऱ्यानं आठवडाभर ऑफिस सांभाळून रात्री नकाशे काढलेले असतात. कोण राजा, कोण चोर, सगळं ठरवलेलं असतं. चौथ्या पानावर त्याला कळतं, की राजाच चोर आहे आणि तो या गड्याचा सख्खा काका लागतो.

आईवडील पहिल्याच पानावर गेलेले असतात. गावही जळालेलं लागतं. मग गूढ गुरू, तो गद्दार निघणार. मग पौर्णिमेला चमकणारी जन्मखूण. एरवी माणूस अगदी सज्जन. मध्येच आईचा फोन येतो, हा गॅलरीत जाऊन हळूच “हो गं, जेवलोय” म्हणतो आणि परत येऊन अनाथ होतो.

सातव्या पानावर त्यानं एकट्यानं ड्रॅगन मारलेला असतो. पात्र मात्र पहिल्या लेव्हलचा विझार्ड. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमानं त्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, सहा. प्रकृती बरी असेल तर वर एखाद-दुसरा.

हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तेव्हा असल्या पूर्वायुष्याला कोणी विचारत नव्हतं. पात्रं पटापट मरायची. 1977च्या ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या खेळात तर पात्र तयार होता होताच मरू शकायचं. आमच्या गड्याला तोच द्यायला हवा होता. पाचव्या आवृत्तीनं 2014 साली पात्राच्या कागदावर स्वभाव, ध्येय, नाती, उणिवा यांसाठी चार छोटे चौकोन दिले. एकेका ओळीची जागा. हा तिथे ‘पुरवणी पाहा’ लिहितो.

तो एल्फच निवडतो, त्यालाही कारण आहे. नियमाप्रमाणे एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यान लावलं की त्यांचं भागतं. बाकीची मंडळी रात्री आडवी झाली की याला खिन्न बसायला मोकळा वेळ मिळतो. “मी शेकोटीकडे एकटक बघतोय,” तो जाहीर करतो आणि कुणीतरी “काय झालं रे?” विचारेल म्हणून थांबतो. अनुभवी खेळाडू अशा वेळी भडंगात शेंगदाणे शोधतात.

आमच्या डीएमनं ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ हे तयार साहस काढलं होतं. त्यात सुरुवातीलाच रस्त्यात दोन मेलेले घोडे आणि झुडपात चार गॉब्लिन. गॉब्लिनचा एक बाण तीन ते आठ पॉइंट खातो. राजघराण्याचा अखेरचा वारस पहिल्याच फेरीत आडवा झाला. मृत्यूच्या फाशांत तीनदा नापास झालं की संपलं. हा दोनदा झाला. क्लेरिकनं, म्हणजे आमच्यातल्या जखमा बऱ्या करणाऱ्या पुजाऱ्यानं, कसाबसा उठवला, तर हा म्हणतो, “माझ्या नियतीत असं मरण नाहीये, पान नऊ बघ.”

खरी ठेच पुढेच होती. आमच्यातल्या एकीनं बॅकस्टोरी म्हणून फक्त लिहिलं होतं, ‘ड्वार्फ आहे. भाऊ हरवलाय.’ आता या साहसाचा गाभाच मुळी हरवलेल्या रॉकसीकर बंधूंचा. डीएमनं तिला त्यांची बहीण करून टाकलं आणि अख्खी मोहीम तिच्या घरची झाली. “पण तिनं काही लिहिलंच नाहीये!” गडी कळवळला. म्हणून तर जागा उरली होती, पण हे त्याला सांगणार कोण?

डीएम मात्र दयाळू. त्यानं चौदाही पानं वाचली. जन्मखूण, गुरू, काका, सगळं ओलांडून अकराव्या पानावरचं एक वाक्य उचललं: विझार्डनं एका खानावळीत तांब्याची अकरा नाणी उधार ठेवली होती. फॅन्डालिन गावातल्या खानावळीत शिरलो, तर मालक कमरेवर हात ठेवून उभा. “या! मागचं कधी देताय?”

गड्याचा चेहरा असा उजळला, की काका गादीवरून उतरला असता तरी उजळला नसता. इतरांनाही पहिल्यांदाच त्याच्या भूतकाळाची चौकशी करावीशी वाटली. “अकरा कसली रे? एकटाच जेवलास? पळून गेलास?” आमच्या ‘रोग’नं, म्हणजे चोराचं पात्र घेतलेल्यानं, तर मालकाची बाजू घेऊन व्याज लावलं.

पुढे खजिने सापडले, प्रत्येकाच्या पिशवीत सोनं खुळखुळायला लागलं. सोन्याच्या एका नाण्याला तांब्याची शंभर मिळतात. पण ही उधारी काही फिटत नाही. “अरे, देऊन टाक एकदाचे!” सगळे ओरडतात.

“नाही देता येत. त्यामागे एक कारण आहे,” तो म्हणतो आणि सॅकची चेन उघडतो.