पाचशे लिटरचा मतदार

मार्चमध्ये मी मोबाइलवर एकदाच विचारलं, ‘पाचशे लिटरची टाकी, किंमत?’ एकदाच. मग सिंधी बाजारात गेलो, रोख पैसे मोजले, टाकी हातगाडीवर घालून घरी आणली आणि गच्चीवर चढवली. माझ्यापुरता विषय संपला. मोबाइलपुरता तो सुरू झाला.

रोखीचा व्यवहार त्याला दिसलाच नाही. त्यामुळे त्याच्या वहीत मी आजही टाकीवाचून तळमळणारा जीव आहे. बातमी उघडावी, टाकी. मोसंबीची फळगळ का होते ते बघावं, मध्येच टाकी. चुलतसासऱ्यांच्या श्रद्धांजलीचा व्हिडिओ लावला, तर आधी पाच सेकंद टाकी. तीन थरांची, चार थरांची, शेवाळ न धरणारी. पुढे त्यानं डोकं चालवलं. टाकी हवी म्हणजे घर बांधतोय. झालं, फरशा, गृहकर्ज, मॉड्युलर किचन. घर बांधतोय म्हणजे गडी पैसेवाला. मग आला बाथटब. जालन्यात! जिथं नळ आठ-दहा दिवसांनी घसा खाकरतो आणि तेवढ्यावरच गल्लीत दिवाळी होते, तिथं मला बाथटब! माणूस टाकी कशापायी घेतो, एवढं सोडून त्याला सगळं कळलं.

मोंढ्यातल्या एका अडत्या स्नेह्यांनी समजूत घातली. “सर, तुमची हर्राशी चालते.” खरंच आहे. पान उघडून डोळ्यांसमोर येईपर्यंत, सेकंदाच्या एखाद्या तुकड्यात, आपलं वय, गाव आणि कालपरवा काय चाळलं ते गिऱ्हाइकांपुढे मांडलं जातं. बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात आपल्या कपाळी येते. फरक एवढाच, की मोसंबीची हर्राशी होताना शेतकरी ढिगाशेजारी उभा असतो. भाव पाडला तर शिवी हासडतो आणि शेवटी पट्टी त्याच्या हातात पडते. इथं ढीग मी आणि पट्टी भलत्याच्याच नावावर.

मग निवडणूक आली. आमच्या घरात चार मोबाइल आणि उमेदवार एकच. वडिलांच्या मोबाइलवर त्यानं तीर्थयात्रा कबूल केली, पोराच्या मोबाइलवर नोकरी, बायकोच्या मोबाइलवर शिलाई मशीन. आणि मला? ‘गच्ची तिथं टाकी!’ देवाशप्पथ. पाण्याचं वचन चौघांतल्या एकालाही नाही. बरोबरच आहे म्हणा. ‘पाणी’ हा शब्द आम्ही मोबाइलवर कधी शोधलाच नव्हता. तो आम्ही नळाच्या तोंडाशी कान लावून शोधतो, आणि त्या तोटीला अजून इंटरनेट जोडलेलं नाही.

पूर्वी पुढारी मैदानात यायचा, माईक ठोकायचा आणि सगळ्यांना मिळून एकच थाप मारायचा. थापेतसुद्धा समता होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिची साल काढता यायची, कारण सगळ्यांनी तीच ऐकलेली असायची. आता प्रत्येकाला अंगाच्या मापाची थाप शिवून मिळते आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये कोणती शिवलीय ते आपल्याला दिसत नाही. टाकीपर्यंत मी हसत होतो. पण परवा शेजारच्या अण्णांनी त्यांच्याकडे आलेली रील दाखवली आणि हसू जिरलं. माझ्या मोबाइलमध्ये त्यांच्या आडनावाची भीती, त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या आडनावाची! वीस वर्षं एकमेकांच्या बादल्या भरल्यात आम्ही. मतदार यादीत नाव, वय आणि पत्ता असतोच. त्याला कापडदुकानात आणि औषधाच्या दुकानात ‘नंबर सांगा’ म्हटल्यावर मुकाट्यानं सांगितलेला नंबर जोडला, की झाली आपली कुंडली तयार. अरे, क्रोसिनच्या एका पट्टीला माझा नंबर कशाला लागतो? ताप मला आलाय, मोबाइलला नाही! आणि आपण सांगतो. एक आकडा चुकला तर परत नीट सांगतो. चीड त्याचीच येते.

आपली माहिती जपायला कायदा आहे ना. 2023 चा आहे. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढं आणखी 18 महिने ठेवलेत. संमती माणसानं राजीखुशीनं, समजून-उमजून दिलेली हवी, असं त्यात लिहिलंय. आमची संमती म्हणजे रात्री दोन वाजता टॉर्च लावताना अंगठ्याला लागलेलं ‘मान्य आहे’. युरोपात 10 ऑक्टोबर 2025 पासून ऑनलाइन राजकीय जाहिरातीसाठी माणसांचा वंश, धर्म आणि राजकीय मत अशा माहितीची चाळणी लावायला बंदी आहे. आपल्याकडे चाळणीवाल्यालाच हुशार म्हणतात.

काल रात्री अडीचला अण्णांच्या घरच्या काकूंनी भिंतीवर तांब्या बडवला, “आलंऽऽ!” सगळी गल्ली उठली. आडनाव न बघता, वय न विचारता, नंबर न घेता एकच निरोप सगळ्यांना पोचला, आणि तो खराही निघाला. मोटार लावून मी मोबाइल बघितला.

‘अजून टाकी घेतली नाही?’