सत्तर उगवले तर पास

मैत्रिणींच्या प्रत्येक टोळक्यात एक पुढारीण असते. सहलीला डबा कुणी आणायचा, कुणाची साडी कुणी नेसायची आणि कुणी कुणाच्या प्रेमात पडायचं, हे तीच ठरवते. आमची पुढारीण जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाण्याची कंपनी काढली तेव्हापासून हे गाव बियाण्यावर पोसलंय. हिने बियाण्याचा हिशेब माणसांना लावला. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सत्तर उगवले तर लॉट पास. स्थळांनाही तोच नियम. कांदेपोह्यांवर आजवर एकही लॉट पास झालेला नाही.

"घरात बसून काय कळतंय? रानात जाऊन बघू," ती म्हणाली.

रान म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा दहावा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जानेवारी २०२५. साठेक किलोमीटर, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट. प्रेम इतकं स्वस्त कधीच नव्हतं. त्यात त्या वर्षीचा पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना. पुढारिणीने लगेच शकुन काढला. त्यांच्या 'चष्मेबद्दूर'मध्ये तीन पोरं आणि एक पोरगी. आपण तर तिघी! (त्या तिघांपैकी दोघांचं काय झालं, हे मी बोलले नाही. बस सुटायची होती.)

रांगेत झोळीवाला एक दाढीधारी दिसला. "दाणा टपोरा आहे," पुढारीण पुटपुटली आणि त्याच्या शेजारची खुर्ची तिने ओढणी टाकून धरली. पडद्यावर एक म्हातारा बराच वेळ बर्फ उपसत होता.

"शॉट मुद्दाम लांबवलाय," दाढी कुजबुजली.

"आमच्याकडं पेरणीबी एवढी लांबत नाही."

तिकडे आमच्या शाळामास्तरीण मैत्रिणीकडे एक देखणा तरुण सारखा वळून बघत होता. ती आधी लाजली, मग केस सावरले. मध्यंतरात तो जवळ आला. "ताई, तुम्ही इथं? वळखलं का? अंबडच्या वहिनींचा भाऊ मी." एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गर्दीत तिच्या वाट्याला आलं ते अंबड, आणि तेही ताई म्हणणारं.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी गप्प. बदनापूरला पुढारिणीचा फोन वाजला. दाढीच! भोकरदनकडचा निघाला, सात एकरवाला. विचारत होता, घरचंच सोयाबीन पुढच्या खरिपाला पेरलं तर चालेल का?

"काय लिहायलीस एवढं?" मास्तरीण वाकून बघू लागली. मीही वाकले. जालन्याचे दिवे दिसेपर्यंत ती लिहीतच होती. 'पोती आपटू नका, साल नाजूक असते. थप्पी उंच लावू नका. ओल लागू देऊ नकोस. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेव. सत्तर उगवले की मला सांग.'