मध्यम वाटीचा महिमा

कडधान्य दुकानात किलोने मिळते, पाककृतीत वाटीने लागते, आणि मधला हिशोब ओट्यापाशी उभ्या असलेल्याने करायचा असतो. हिशोबाला आकडा एकच लागतो: एका मापात किती ग्रॅम मावतात. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा, मेट्रिक कप 250 चा, जपानी 200 चा. मराठी वाटी आहेरात आली असेल त्या आकाराची. पाककृती तिला ‘मध्यम’ म्हणते. कोणाच्या घरातली, ते गुलदस्त्यात.

अमेरिकी कपात कोरडा राजमा साधारण 185 ग्रॅम भरतो, मसूर थोडी जास्त. पण हाही आकडा हातावर अवलंबून. वाटी ओट्यावर दोनदा आपटली की दाणे खाली बसतात आणि वर मूठभर आणखी मावतात. पायली-शेराच्या काळात माप शीग लावून द्यायचे की काठाशी सपाट करून, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या नफ्याचा होता. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणली, चिपटी-मापटी बाजारातून गेली. स्वयंपाकघराला तो कायदा अजून कळवलेला नाही.

खरी मेख भिजवण्यात आहे. कोरडे कडधान्य भिजून वजनाने साधारण दुप्पट होते, मोड आले की वाटीतली जागा आणखी अडवते. ‘दोन वाट्या मटकी’ म्हणजे कोरडी की मोडाची, यावर पाककृती मौन पाळते. उसळ चौघांना पुरणार की अख्ख्या मजल्याला, हे कुकरचे झाकण उघडल्यावर ठरते.